होडीतून आलेली माणसं आणि आपली 'रांग'

अबोली (मेलबर्न)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय.

दर मंगळवारी संध्याकाळी मी डँडेनाँगला इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. सहा वर्षं झाली. वर्गात बहुतेक हजारा आहेत, म्हणजे अफगाणिस्तान-पाकिस्तानातला शिया अल्पसंख्य समाज. काही अफगाणिस्तानातले, काही पाकिस्तानातल्या क्वेट्टातले. क्वेट्टावाल्यांना उर्दू येतं, त्यामुळे गाडी अडली की आम्ही हिंदी-उर्दूवर येतो. त्यातले एक भाऊ प्लास्टरिंगचं काम करतात. २०१२ च्या नोव्हेंबरात ते इंडोनेशियाहून होडीने ख्रिसमस आयलंड या ऑस्ट्रेलियाच्या बेटावर उतरले. यंदा मी त्यांना आमच्या गणपतीला बोलावलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बदामाचा डबा घेऊन आले. आरती होईपर्यंत दाराशी उभे राहिले, मग जेवणाच्या रांगेत लागले. तिथे कुणीतरी सहज विचारलं, इकडे कसं येणं झालं? त्यांनी सरळ सांगितलं, बोटीने. पुढे उभ्या असलेल्या आपल्याच एका गृहस्थांनी मागे वळून, त्यांना कळावं म्हणून मुद्दाम हिंदीत म्हटलं, "अच्छा, मतलब लाइन तोडके."

ते भाऊ काही बोलले नाहीत. रांगेतून बाहेर पडले आणि पार शेवटी जाऊन उभे राहिले.

मला तेव्हा तोंडातून शब्द काढता आला नाही, ते अजून सलतंय. म्हणून इथे लिहितेय.

आपण सगळे रांगेतून आलो हे खरंच आहे. स्किल असेसमेंट, आयईएलटीएस, पॉइंट्स, पोलीस क्लिअरन्स, मेडिकल. माझी फाइल तीन वर्षं चालली होती. पण ती रांग पुण्यात घरी बसून, आईच्या हातचं जेवत लावता येते. क्वेट्टात २०१३ च्या जानेवारीत अलमदार रोडवर आणि फेब्रुवारीत हजारा टाउनच्या बाजारात स्फोट झाले, दोन्ही मिळून दीडशेच्या वर माणसं गेली. तिथल्या माणसाने कुठल्या खिडकीपुढे उभं राहायचं? संयुक्त राष्ट्रांकडे नोंद झालेल्या निर्वासितांपैकी वर्षाला एक टक्कासुद्धा लोकांना तिसऱ्या देशात जागा मिळत नाही. आणि या भाऊंसारखे लोक ज्या इंडोनेशियात थांबतात, त्या देशाने निर्वासितांच्या करारावर सहीच केलेली नाही. तिथे काम करायची परवानगी नाही, मुलांच्या शाळेचा पत्ता नाही. जी 'रांग' होती तीही ऑस्ट्रेलियाने नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद केली. १ जुलै २०१४ नंतर जकार्तात नोंद केलेल्या कुणालाही इथे घेणार नाही असं जाहीर केलं.

मला होड्यांचं उदात्तीकरण करायचं नाही. त्या होड्या बुडतात. माझं म्हणणं एवढंच की 'रांग मोडली' हे आपण म्हणू नये. आपल्याला काय वाटतं?

पश्चिम_सिडनीकर

अबोलीताई, त्या गृहस्थांचं वागणं चुकलंच. पाहुण्याला असं बोलायचं नसतं, त्यात वाद नाही. पण मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही, आणि मनातलं स्पष्ट लिहितो.

माझी आई सांगलीत एकटी आहे. वय ७४. गुडघ्यांची ऑपरेशनं झालीत. पालकांसाठीचा साधा व्हिसा मागितला तर आज ३० वर्षांच्या आसपासची रांग सांगतात. पैसे भरून मिळणारा व्हिसासुद्धा दहा वर्षांच्या पुढे गेलाय. म्हणजे सरकार मला कागदावर सांगतंय की तुझी आई येणार नाही. मी वर्षातून एकदा तीन आठवडे जातो आणि परत निघताना ती जिन्यापर्यंत येते. खाली उतरवत नाही तिला. तेव्हा कुणी नियम बाजूला ठेवून आत आला हे ऐकलं की पोटात तुटतं. याला कुणी दुष्टपणा म्हणू नये.

दुसरं. २०१३ या एका वर्षात २०,००० च्या वर माणसं होड्यांनी आली. २००८ ते २०१३ मध्ये हजाराच्या वर बुडाली. सप्टेंबर २०१३ ला ऑपरेशन सॉव्हरिन बॉर्डर्स ही होड्या अडवायची सरकारी मोहीम सुरू झाली, होड्या परत फिरवल्या, आणि वर्षभरात येणं जवळपास शून्यावर आलं. बुडणं थांबलं. हे कुणालाच आवडत नाही पण झालं तर खरं. दलाल माणसामागे हजारो डॉलर घेतात आणि कुजक्या लाकडाच्या बोटीत भरतात. दार उघडं दिसलं की त्यांचा धंदा वाढतो. मऊ मनाने घेतलेला निर्णय समुद्रात मुलं मारतो, हे २००८ नंतर दिसलं आहे.

रानजाई

+१ पश्चिम_सिडनीकर. आईचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडेही तेच, सासरे साताऱ्यात.

दर्यावर्दी

धागा वाचून लिहायला बसलो. मी २६ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, गाव दापोलीजवळ. शेवटची काही वर्षं चीफ ऑफिसर होतो.

आधी टाम्पा जहाजाचं, कारण तिथूनच हे सगळं ऑस्ट्रेलियाच्या राजकारणात शिरलं आणि आम्हा जहाजावरच्यांच्या ते मनावर कोरलेलं आहे. २६ ऑगस्ट २००१. नॉर्वेचं मालवाहू जहाज. ऑस्ट्रेलियाच्या शोधयंत्रणेनेच कळवलं की ख्रिसमस आयलंडच्या उत्तरेला एक मच्छीमार बोट बुडतेय, जा. कॅप्टन आर्ने रिनन गेले आणि ४३३ आश्रय मागणाऱ्यांना वर घेतलं, बहुतेक हजारा. जहाजाचा सुरक्षेचा परवाना ५० माणसांचा, खलाशी २७. आणि मग ज्यांनी "जा" म्हटलं त्यांनीच "इकडे आणू नका" म्हटलं. डेकवर आजारी माणसं, गरोदर बायका. रिनन यांनी डिस्ट्रेस कॉल देऊन जहाज ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत घातलं, तेव्हा २९ तारखेला सरकारने जहाजावर कमांडो चढवले. डॉक्टर मागितला होता. पुढे ती माणसं नाउरू या पॅसिफिकमधल्या छोट्या बेट-देशात आणि न्यूझीलंडला गेली. १० नोव्हेंबरला निवडणूक झाली आणि पंतप्रधान हॉवर्ड जिंकले. २००२ मध्ये कॅप्टन, खलाशी आणि मालक कंपनीला निर्वासितांसाठीच्या कामाचा नान्सेन पुरस्कार मिळाला.

आता माझं. २०१५, भूमध्य समुद्र, लिबियाच्या उत्तरेला. रोमच्या बचाव केंद्राहून संदेश आला, आम्ही वळलो. रबरी बोट. माणसांनी इतकी गच्च भरलेली की पाणी दिसत नव्हतं, नुसती डोकी. मोठं जहाज जवळ आलं की सगळे एकदम एका बाजूला येतात आणि तिथेच बोट उलटते, म्हणून आम्ही वाऱ्याच्या बाजूला आडवं राहून त्यांना आडोसा दिला आणि भोंग्यावरून ओरडत राहिलो, बसा, बसा. आमचा डेक पाण्यापासून आठ-नऊ मीटर वर. पायलट लॅडर सोडली, कार्गो नेट सोडलं. दोन दिवस पाय मुडपून बसलेल्या माणसाला शिडी चढता येत नाही, पाय उघडतच नाहीत. एकेकाला कमरेला दोर बांधून ओढलं. बायका बोटीच्या मधोमध, तळाशी बसवलेल्या होत्या, सगळ्यात सुरक्षित जागा म्हणून. तिथेच सांडलेलं पेट्रोल आणि खारं पाणी साचतं. त्यांची कातडी मांड्यांवरून सोलून निघाली होती. आमच्याकडे बर्नची मलमं होती चौघांपुरती.

कुक मालवणचा. त्याने काही न विचारता मोठ्या टोपात पेज टाकली, मीठ आणि थोडं तूप. मला म्हणाला, साहेब, उपाशी पोटाला भात झेपायचा नाही. पेल्यांनी वाटली. १०९ माणसं होती. ब्रिजवर तेवढ्यात ऑफिसचे फोन, किती उशीर होणार, बंदरात खोळंबा किती. मास्टरनी फोन माझ्याकडे दिला आणि स्वतः डेकवर गेले.

पश्चिम_सिडनीकर, तुमचा आकड्यांचा मुद्दा मी खोडत नाही. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय की समुद्रात माणूस दिसला तर कुठल्या रांगेतून आला ते विचारायची सोय कायद्यातच नाही. वर घ्यायचंच. आणि किनाऱ्यावरच्यांनी दार लावलं की उद्या दुसरा कॅप्टन वळायला कचरतो. टाम्पानंतर नियम बदलावे लागले ते याचसाठी. २००६ पासून वाचवलेल्यांना सुरक्षित जागी उतरवायची व्यवस्था करणं ही त्या त्या भागातल्या सरकारांचीही जबाबदारी झाली.

पाऊसवेडी

दर्यावर्दीकाका, काय लिहावं सुचत नाही. त्या कुकना माझा नमस्कार सांगा, भेटले तर.

वकिली_बाणा

कायद्याच्या बाजूने थोडं, कारण 'बेकायदा' हा शब्द इथेही येणारच.

ऑस्ट्रेलियाच्या १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टप्रमाणे व्हिसाशिवाय आलेला माणूस 'अनलॉफुल नॉन-सिटिझन' ठरतो. ही एक कायदेशीर अवस्था आहे, गुन्हा नाही. आणि १९५१ च्या निर्वासित कराराचं ३१ वं कलम सांगतं की जिवाच्या भीतीने थेट आलेल्याला, तो तडक हजर झाला तर, बिनपरवाना येण्याबद्दल शिक्षा करू नये. हा करार अमलात आला तोच मुळी ऑस्ट्रेलियाच्या सहीने, १९५४ साली. सहावा देश लागत होता, तो हा.

दुसरं, ही गोष्ट एका पक्षाची नाही. व्हिसाशिवाय आलेल्याला सक्तीने कोठडी, हा नियम १९९२ ला लेबरने आणला. नाउरू आणि पापुआ न्यू गिनीतलं मानुस, या बेटांवरच्या छावण्या लिबरलने २००१ ला सुरू केल्या, लेबरने २००८ ला बंद केल्या आणि लेबरनेच २०१२ ला पुन्हा उघडल्या. होडीने आलेला कधीही ऑस्ट्रेलियात वसणार नाही, ही १९ जुलै २०१३ ची घोषणा लेबरचे पंतप्रधान केव्हिन रड यांची.

तिसरं, पश्चिम_सिडनीकर, होड्या आल्या नाहीत म्हणजे सगळं थांबलं असं नाही. जून २०१४ मध्ये एक बोट आपल्या पाँडिचेरीहून निघाली होती, १५७ श्रीलंकन तमिळ, त्यात मुलं. ऑस्ट्रेलियाने ती अडवली आणि माणसांना कस्टम्सच्या जहाजावर जवळपास महिनाभर समुद्रातच डांबून ठेवलं. मंत्री विचारलं की सांगत, समुद्रावरच्या कारवाईबद्दल आम्ही बोलत नाही. हायकोर्टाने, म्हणजे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पुढच्या वर्षी ४ विरुद्ध ३ मतांनी ते कायदेशीर ठरवलं. तोवर त्या सगळ्यांना नाउरूला पाठवलंही होतं. होड्यांचं येणं थांबलं याची किंमत कुठेतरी कुणीतरी भरलीच. मानुसच्या छावणीत फेब्रुवारी २०१४ मध्ये एक इराणी तरुण मारला गेला. ती छावणीच घटनाबाह्य असल्याचा निकाल पापुआ न्यू गिनीच्या सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०१६ मध्ये दिला, तरी माणसं तिथे आणखी दीड वर्ष होती.

पश्चिम_सिडनीकर

वकीलसाहेब, मानुसचं समर्थन मी करत नाही. पण मूळ प्रश्न टाळू नका. तुम्ही कायदा जाणता, मग हेही जाणत असाल की इथे आलेल्याला संरक्षण व्हिसा दिला की छावणीतल्या माणसाची एक जागा कमी होते. मानवतावादी कोटा एकच, बरीच वर्षं १३,७५० होता. केनियाच्या छावणीत पंधरा वर्षं बसलेल्या बाईकडे दलालाला द्यायला पैसे नाहीत. तिची जागा गेली. तिच्यासाठी कोण धागा काढणार?

वकिली_बाणा

हा खरा प्रश्न आहे आणि विचारलात हे बरं केलंत. जोडणी आहेच. पण ती १९९६ साली हॉवर्ड सरकारने केली. त्याआधी इथे येऊन आश्रय मागणारे आणि छावण्यांतून आणलेले यांचे आकडे एकमेकांना बांधलेले नव्हते. म्हणजे होडीवाल्याने केनियातल्या बाईची जागा घेतली, हे एका हिशेबाच्या पद्धतीमुळे खरं ठरतं. ती पद्धत उद्या संसदेबाहेरसुद्धा बदलता येईल. एका टेबलावर दोघांना बसवून ताट एकच ठेवलं आणि मग म्हणायचं, बघा, हा त्याचं खातोय.

रांगेबद्दल अजून एक. २०१३ च्या अखेरीपासून सरकारी निर्देश असा होता की होडीने आलेल्यांनी बायकामुलांसाठी केलेले अर्ज सगळ्यात शेवटी हाताळायचे. मागून कुणी नवा अर्ज केला तर तो यांच्या पुढे. निर्वासित म्हणून मान्य झालेले, परमनंट रेसिडेन्सी मिळालेले लोकसुद्धा. २०२३ ला तो बदलला. मधली नऊ-दहा वर्षं रांगेत कायम शेवटी उभं करून ठेवलेली माणसं कोण होती, ते आता तुम्हीच बघा.

कॅनबेरावासी

मी फक्त एक पाहिलेली गोष्ट लिहितो. इथे तळ्याकाठी वेस्टन पार्कात सिव्ह एक्स या बुडालेल्या होडीचं स्मारक आहे. १९ ऑक्टोबर २००१ ला ती बोट इंडोनेशियाहून निघून बुडाली. ३५३ माणसं. १४६ मुलं, १४२ बायका, ६५ पुरुष. स्मारक म्हणजे पांढऱ्या लाकडी खांबांची ओळ आहे, माणसामागे एक खांब, मोठ्यांचे उंच आणि मुलांचे बुटके. देशभरातल्या शाळा, चर्च आणि गटांनी ते रंगवले आहेत. ओळ चढावरून खाली येते आणि मध्ये बोटीच्या मापाची आकृती होते, १९.५ मीटर लांब, ४ मीटर रुंद. मी माझ्या सात वर्षांच्या मुलाला घेऊन गेलो होतो. तो एका बुटक्या खांबाशी जाऊन उभा राहिला आणि उंची मोजू लागला. मी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं. का घेतलं, ते मला सांगता येणार नाही.

बायका-मुलं इतकी का होती, हेही लोकांना माहीत असावं. १९९९ पासून होडीने आलेल्यांना तात्पुरता व्हिसा मिळायचा, त्यावर कुटुंब बोलावता येत नव्हतं. नवरे आधी पोचले होते. कायदेशीर वाट बंद, म्हणून बायका मुलांना घेऊन त्याच समुद्रात उतरल्या. अडवण्यासाठी केलेल्या नियमाने त्यांना बोटीत बसवलं.

साधा_माणूस

इथे सगळे भावनेत वाहून चाललेत. उद्या आपल्या कोकण किनाऱ्यावर रोज दोन बोटी लागल्या तर चालेल का? मुंबईचा २६/११ समुद्रातूनच झाला. कोण आश्रयाला आलाय आणि कोण कशाला, हे किनाऱ्यावर उभं राहून कळत नाही. भारताने त्या करारावर सही केलेली नाही ती उगाच नाही.

दर्यावर्दी

साधा_माणूस, २६/११ ला मी मुंबईतच होतो, सुट्टीवर. अतिरेक्यांनी पळवलेला कुबेर ट्रॉलर आणि त्याच्या तांडेलाचं काय झालं ते कुठलाही कोकणातला मच्छीमार विसरलेला नाही. म्हणून तुमची भीती मी हलकी मानत नाही. पण ते दहा जण लपून आले होते. आश्रय मागणारा किनारा दिसला की हात हलवतो, गणवेशातला माणूस शोधतो, त्याला स्वतःला पकडवून घ्यायचं असतं. तपासणी जरूर करा, महिने लागू देत. तपासणी आणि शिक्षा यांत फरक ठेवा, एवढंच.

आणि कोकण किनाऱ्याचं म्हणाल तर अलिबागजवळच्या नवगावला जाऊन या. बेने इस्रायल लोकांची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज तिथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने नाव दिलं शनवार तेली. आडनावं बघा, रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर. पुन्हा जाऊ नका कुठे, आमच्या गावाचं नाव लावा म्हटल्यासारखं.

पंचगंगा (कोल्हापूर)

दर्यावर्दींनी विषय काढलाच आहे तर वळिवड्याचं लिहिते. माझ्या आजीचं माहेर त्याच गावचं.

१९४३ ते १९४८, वळिवड्याला पोलंडच्या लोकांची छावणी होती. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने सैबेरियात नेलेली, तिथून सुटून इराण, मग कराची, मग इथे. बराकी, चर्च, शाळा, नाटकं सगळं होतं. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, वडिलांबरोबर भाजी घेऊन जायची. तिला पोलिश आकडे येत होते. म्हातारपणी बाकी सगळं विसरली, पण वाटाणे सोलता सोलता पुटपुटायची, येदेन, द्वा, त्शी. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्तंभ आहे आणि वॉर्सात कोल्हापूरचं स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथे फुलं वाहिली तेव्हा आमच्या गल्लीत सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं.

ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीतले सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा जिथे जातो ते मार्केट छावणीच्या जागेवर उभं आहे.

साधा_माणूस

पंचगंगाताई, माहिती छान, पण ती तुलना चालत नाही. महायुद्ध होतं, दोस्त राष्ट्रांनी ठरवून, नावं लिहून, खर्च कोण देणार ते बघून आणलं होतं. सिंधी तर आपलेच. इथे प्रश्न परवानगी न घेता येणाऱ्याचा आहे.

पंचगंगा

बरोबर आहे तुमचं, ठरवून आणलं होतं. मला तेच म्हणायचंय. ठरवलं की करता येतं. व्हिएतनाममधून पहिली होडी १९७६ च्या एप्रिलमध्ये डार्विनला लागली, पाच जण होते. पुढच्या पाच वर्षांत होड्यांनी जेमतेम दोन हजार आले. कारण माल्कम फ्रेझर यांच्या सरकारने मलेशिया आणि थायलंडच्या छावण्यांत जाऊन, मुलाखती घेऊन, हजारोंना विमानाने आणलं. खरीखुरी रांग लावली, म्हणून माणसं रांगेत उभी राहिली.

कॅम्प_चार (उल्हासनगर)

"सिंधी तर आपलेच" वाचून चांगलं वाटलं, पण १९४८ ला असं सगळे म्हणत नव्हते. माझी दादी कराचीहून जहाजाने मुंबई बंदराला उतरली. कल्याणच्या रिकाम्या लष्करी बराकीत अर्धी खोली, मध्ये साडीचा पडदा, पलीकडे दुसरं कुटुंब. आम्ही आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर चारच सांगतो. आजूबाजूचे म्हणायचे, हे आले आणि भाव चढले, हे आले आणि पाणी संपलं. दादीला 'निर्वासित' शब्द ऐकवत नसे. ती म्हणायची, पुरुषार्थी म्हण. ती पापड लाटून विकायची. तिचं लाटणं माझ्याकडे आहे, मधोमध झिजलेलं.

बाकी राजकारण मला कळत नाही. अबोलीताई, त्या भाऊंना पुढच्या वर्षी पुन्हा बोलवा.

पश्चिम_सिडनीकर

सगळं वाचलं. दोनदा वाचलं. कॅनबेरावासींचं वाचून काल रात्री झोप लागली नाही, माझी धाकटी सहा वर्षांची आहे.

माझं मत होड्यांबद्दल तेच आहे. डिसेंबर २०१० ला ख्रिसमस आयलंडच्या खडकांवर बोट फुटली आणि ५० जण गेले. तिथले लोक कड्यावर उभे राहून लाइफ जॅकेट फेकत होते आणि वारा ती परत कड्यावर आणून टाकत होता. त्या बातमीनंतर मी ठरवलं होतं की हे थांबलंच पाहिजे, आणि अजून तसंच वाटतं. पण थांबवायचं तर पंचगंगाताई म्हणतात तसं आधी दुसरी वाट उघडायला हवी, हे मान्य. नुसतं दार लावून 'बुडणं थांबलं' म्हणणं अपुरं आहे. माणूस क्वेट्टात मेला तर तो आपल्या आकड्यांत येत नाही.

आणि 'लाइन तोडके' हे मी म्हणणार नाही. आईच्या रांगेचा राग माझा खरा आहे, पण ती रांग त्या प्लास्टरवाल्या भाऊंनी लांबवलेली नाही. पालकांच्या व्हिसाचा वर्षाचा आकडा वेगळ्या खात्यावर आहे, एवढं मला फॉर्म भरताना कळलेलं होतं. राग काढायला तोंड दिसणारा माणूस सोपा पडतो.

अबोलीताई, त्यांचं कुटुंब आलं का?

अबोली

नाही, दादा. तुमच्या आईंबद्दल वाचलं, माझ्याकडे त्यावर बोलायला काही नाही, फक्त वाचलं.

विचारलंत म्हणून सांगते. ते १३ ऑगस्ट २०१२ नंतर आलेल्यांतले, त्यांच्यासाठी नियम वेगळे. पहिली चार-पाच वर्षं अर्जच हातात घेतला नाही. मग निर्वासित म्हणून मान्य केलं आणि तीन वर्षांचा तात्पुरता व्हिसा दिला. त्यावर बायकोला बोलावता येत नाही आणि परवानगीशिवाय देशाबाहेर गेलं तर व्हिसाच धोक्यात. २०१९ ला त्यांची आई क्वेट्टात वारली. मंगळवार होता, वर्ग चालू होता. पुतण्याने फोनवर दफनविधी दाखवला. मागच्या बाकावर बसून त्यांनी तो बघितला आणि नंतर पुढे येऊन मला विचारलं, 'कंडोलन्स'चं स्पेलिंग काय.

त्या वर्गात एकदा मी नाव, पत्ता, जन्मतारीख बोलायचा सराव घेत होते. अकरांपैकी सहा जणांची जन्मतारीख १ जानेवारी निघाली, कारण खरी कुणालाच माहीत नाही, कुणीतरी कागदावर घातलेली. पण प्रत्येकाला आपला बोट नंबर पाठ होता. तीन अक्षरं आणि आकडे. कोठडीत हाक त्यानेच मारायचे. एक जण म्हणाला, झोपेत विचारलंत तरी सांगेन.

फेब्रुवारी २०२३ ला सरकारने तात्पुरत्या व्हिसावाल्या सुमारे १९,००० लोकांना कायमच्या व्हिसाची वाट खुली केली. यांना तो गेल्या वर्षी मिळाला. बायको आणि मुलीचा अर्ज घातलाय, वेळ लागेल म्हणतात. पण आता जाऊन भेटता येतं. पुढच्या महिन्यात क्वेट्टाला निघालेत, तेरा वर्षांनी. मुलगी तीन वर्षांची होती, आता सोळाची आहे.

काल वर्गात एक कागद घेऊन आले. मुलीला इथून बूट न्यायचेत आणि मापाचा पत्ता नाही. बायकोने मुलीचं पाऊल वर्तमानपत्रावर ठेवून पेनने कडा काढली, शेजारी शाळेची पट्टी ठेवली आणि फोटो पाठवला. तो यांनी वाचनालयात छापून आणला होता. फोटोतली पट्टी बघून आम्ही हिशेब केला. साडेतेवीस सेंटीमीटर. मग मी माझा बूट काढून शेजारी ठेवला, माझ्याच मापाची निघाली. शनिवारी त्यांच्याबरोबर दुकानात जातेय, घालून बघायला.